चार पावसाळे पाहिलेला टायर

टायरच्या दुकानात आमच्या निपाणीकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती पळतोय?’ दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: ‘पन्नास कुठं जात न्हाईत.’ म्हणजे पन्नास हजार किलोमीटर. मग भाव, मग घासाघीस, मग जुन्या टायरचे किती धरणार, आणि तासाभरात चारही टायर बदलून माणूस घरी. प्रश्न चुकीचा नाही. वीस-पंचवीस हजार एकरकमी मोजायचे तर ते किती दिवस पुरतील हे विचारायलाच हवं. पण माझं म्हणणं असं, की रोज चालणाऱ्या गाडीच्या टायरचं आयुष्य आपल्या भागात नुसत्या किलोमीटरवर मोजून भागत नाही. ते पावसाळ्यांवर मोजायला हवं. या टायरने ओला रस्ता किती पावसाळे नीट धरून ठेवला, हा हिशोब एकदा मांडला की दुकानातली सगळी निवडच बदलते.

मी व्यवसायाने वकील. मोटार अपघात भरपाईचे दावे चालवते. चिकोडी आणि बेळगाव अशी कोर्टं असतात, त्यामुळे माझी केए-२३ पासिंगची डिझायर रोज रस्त्यावर असते. निपाणी सोडून बेळगावकडे निघालं की लगेच तवंदीचा घाट. आंबोली, फोंडा, चोर्ला यांच्यापुढे तो टेकाडच म्हणायचा, पण पुणे-बेंगळुरू महामार्गाची सगळी अवजड वाहतूक त्या उतारावरून जाते. पुढे कणगला, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरी, काकती. कोल्हापूरच्या अंगाला यमगर्णीचा वेदगंगेवरचा पूल, सौंदलगा, कोगनोळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ पाणी येऊन महामार्ग बंद पडला होता, ते इथे कुणी विसरलेलं नाही. तो पूर. रोजचा धोका त्याहून साधा आहे. पहिल्या पावसात रस्त्यावर सुटणारा डिझेल-ऑइलचा तवंग, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेली काळी माती, सहापदरीकरणाच्या कामात कालची वळणं आज बदललेली, आणि हंगाम सुरू झाला की हालसिद्धनाथ, बिद्री, शाहू, हिरण्यकेशी या कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला मागचा दिवा नाही असं धरूनच रात्रीची गाडी चालवायची. इथे ब्रेक अचानकच मारावा लागतो. म्हणून टायर पळतो किती, याच्या आधी तो थांबवतो किती, हे बघायला लागतं.

‘परफॉर्मन्स टायर’ म्हटलं की तरुण पोरांच्या डोळ्यांपुढे रुंद, बसका, मोठ्या अलॉयवर चढवलेला टायर येतो. वळणात गाडी चिकटून जाते, दिसायला रुबाब येतो. त्यामागचं शास्त्र मात्र रुबाबाचं नाही. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं, म्हणून पकड देतं. आणि मऊ असल्यामुळेच लवकर झिजतं. कडक रबर जास्त टिकतं, पण ओल्या गुळगुळीत डांबरावर घसरायला लवकर तयार होतं. तिसरी बाजू इंधनाची: टायर फिरताना जितका दबतो-फुगतो तितकी ऊर्जा उष्णतेत जाते आणि तितकं पेट्रोल जास्त लागतं. पकड, टिकाऊपणा आणि इंधनबचत यांतलं एक वाढवलं की दुसरं खाली येतं, हा टायर बनवणाऱ्यांपुढचा जुना पेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने रबरात काजळीच्या जोडीला सिलिका वापरायला सुरुवात केली आणि हा पेच बराच सैल झाला. आज टिकाऊ आणि तरीही पावसात धरून राहणारा टायर मिळतो, त्याचं मोठं श्रेय या सिलिकाला जातं.

कंपन्या काय विकतात ते नावांवरूनही कळतं. सिएटचा ‘मायलेझ’, अपोलोचा ‘अमेझर ४जी लाइफ’ हे जास्त पळण्यासाठी विकले जातात. मिशेलिनचा ‘पायलट स्पोर्ट ४’ अगदी दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत मिशेलिनचा ‘प्रायमसी’, ब्रिजस्टोनचा ‘टुरान्झा’, गुडइयरचा ‘अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २’, सिएटचा ‘सिक्युराड्राइव्ह’ असे टायर येतात. रोज महामार्गावर जाणाऱ्या, वर्षातून दोन-चारदा आंबोली उतरून कोकणात जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला ही मधली जागाच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या गावात शाळा-बाजार करणाऱ्या गाडीला पहिला प्रकार घेतला तरी चालेल. तिला ताशी ८० चा वेगच लागत नाही. पण संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीत जायचं, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे जास्त पळणाऱ्या कडक टायरवर पोराबाळांना घेऊन जाऊ नये.

हिशोबच करायचा तर करू. समजा, कडक टायरचा चार चाकांचा संच २० हजारांचा आणि तो पाच पावसाळे जातो. मधल्या प्रकारचा २४ हजारांचा आणि चार पावसाळे जातो. पहिल्याचा खर्च वर्षाला चार हजार, दुसऱ्याचा सहा हजार. फरक वर्षाला दोन हजारांचा, महिन्याला १७० रुपयांच्या आतबाहेर. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ पाच हजारांचा टायर पूर्वी करासकट ६,४०० ला पडायचा, तो आता ५,९०० ला. चार टायरमागे वाचले दोन हजार. ते वरच्या दर्जाच्या टायरमध्ये घालावेत.

आता कुठला टायर पावसात चांगला हे ग्राहकाने ओळखायचं कसं? इथे आपली मोठी अडचण आहे. युरोपात २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर लेबल असतं आणि त्यावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग छापलेला असतो. वरच्या आणि खालच्या वर्गाच्या टायरमध्ये ताशी ८० च्या वेगातून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो, असं युरोपीय आयोगच सांगतो. तेही दोन्ही टायर नवेकोरे असताना. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. त्याची लांबी जवळपास एवढीच भरते. एका टायरवर गाडी ट्रॉलीच्या मागे थांबली, तर दुसऱ्यावर ती ट्रॉलीच्या खाली असते. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान कसोट्या टायरला लागू करणारी अधिसूचना काढली. चांगलं झालं. पण किमान कसोटी म्हणजे पासाची रेघ. ३५ मार्कांचा टायर कुठला आणि ९० मार्कांचा कुठला, हे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन टायरवरून ग्राहकाला वाचता येत नाही. ते वाचता यायला हवं, मराठीत आणि कन्नडमध्ये. पिठाच्या पाकिटावर काय काय छापायचं याचे नियम आहेत, मग ज्यावर चार-पाच जणांचा जीव बसतो त्याच्यावर हे छापायला हरकत कसली?

तोवर टायरच्या बाजूवर जे छापलेलं आहे ते तरी वाचावं. माझ्या गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. ८८ हा वजनाचा आकडा: एका टायरला ५६० किलो. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत तो उष्णता सहन करू शकतो. आपण कुठे २१० ने जातो, असं म्हणून खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घेणारे आहेत. पण हे अक्षर तापलेल्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत टायर किती दम धरतो तेही सांगतं. एप्रिलच्या दुपारी पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घालून निघालेल्या गाडीला त्या दमाची गरज असते. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या आणि वजनाच्या आकड्याच्या खाली कधीही उतरू नये. कंपनीचं माप आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. दार उघडून बघायला पैसे लागत नाहीत.

मापाच्या बाबतीत आमच्याकडे फार हौस. डिझायरच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, वरच्याला १८५/६५ आर १५. दोन्हींचा बाहेरचा व्यास काढला तर ६२० आणि ६२२ मिलिमीटरच्या जवळपास. म्हणजे खालच्या मॉडेलवाल्याने रिम बदलून वरच्या मॉडेलचं माप घेतलं तर फारसं बिघडत नाही, कंपनीनेच दोन्ही दिलेली आहेत. पण तिथे न थांबता २०५/६५ आर १५ चढवला की व्यास ६४७ वर जातो. गाडीचा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ने पळत असते, वळताना टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग जड होतं, इंधन वाढतं. शिवाय त्याच वजनाच्या गाडीखाली टायर नको तेवढा रुंद केला की त्याचा रस्त्यावरचा दाब कमी होतो आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगायला लागतो. दिसायला दणकट, पावसात नेमका उलटा.

काही टायरवर इंग्रजीत ट्रेडवेअर म्हणून २८०, ३४०, ४४० असा आकडा असतो. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर चारशे मैलांच्या फेऱ्या मारत एकूण ७,२०० मैल टायर चालवतात आणि ठरलेल्या नमुना टायरशी त्याची झीज ताडून बघतात. नमुना १०० धरला तर ४०० म्हणजे चौपट टिकाऊ. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो बरा. एका कंपनीचा ३६० आणि दुसरीचा ४०० यांत दुसरा जास्त टिकेलच असं नाही. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए, ए, बी किंवा सी. ते ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर घेतलेल्या चाचणीचं असतं. माझ्या हिशोबात आकड्यापेक्षा हे अक्षर मोठं.

टायरची तारीख बघायची सवय आमच्याकडे आता कुठे रुजते आहे. बाजूवर शेवटचे चार अंक असतात: १८२५ असेल तर २०२५ सालचा अठरावा आठवडा. ब्रिजस्टोन चाकणला, गुडइयर वाळूजला, सिएट नाशिकला, एमआरएफ गोव्यात उसगावला, जेके म्हैसूरला टायर बनवते. यातलं कुठलंही ठिकाण निपाणीपासून ट्रकला एक-दोन दिवसांच्या पलीकडे नाही. तरीही दुकानात दोन-अडीच वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून पुढे येतो, तेव्हा तो नम्रपणे परत करावा. रबर वापराविनाही वाळतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नका, असं मोठ्या कंपन्याच सांगतात. आमच्या उन्हात मी दहाची वाट बघणार नाही. म्हातारं माणूस गाडी कमी वापरतं, टायर काळेभोर, नक्षी ठसठशीत, आणि बाजूला केसांसारख्या चिरा. अशी गाडी निपाणीत गल्लोगल्ली सापडेल.

मुरगूड रोडला आमचे टायरवाले मामा आहेत, वर्षानुवर्षांचे. गेल्या मे महिन्यात गाडी दाखवायला नेली तर म्हणाले, ‘वकीलबाई, अजून धा हजार आरामात पळतोय की ह्यो. कशाला बदलताय?’ मी म्हटलं, ‘मामा, आधी मोजा तर खरं.’ त्यांनी खिशातून पेनाएवढा खोली मोजायचा मापक काढला आणि पुढच्या चाकाच्या मधल्या खाचेत टेकवला. ३.४ मिलिमीटर. बाहेरच्या कडेला ३.१. मग स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगून ते खाली बसले आणि आतल्या कडेला मापक लावला. १.९. बाहेरून दिसणारी बाजू चांगली आणि आतली बाजू संपत आलेली. त्यांनी माझा हात धरून ती कड मला चाचपायला लावली. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर कानशीसारखी खरखर. ‘अलाइनमेंट गेलंय हो. खड्ड्यात कुठंतरी बसलाय दणका,’ मामा म्हणाले. मग स्वतःहूनच म्हणाले, ‘ह्यो न्हाई चालायचा पावसात.’

त्या खरखरीत सगळं सांगितलेलं असतं. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. दर महिन्याला टायर थंड असताना हवा आणि आठ-दहा हजार किलोमीटरला अलाइनमेंट आणि पुढची-मागची चाकं अदलाबदल, एवढं केलं तर कुठलाही टायर एक पावसाळा जास्त देतो. नायट्रोजनचा आग्रह मला पटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा तपासायची शिस्त महत्त्वाची, कुठली हवा ते नाही.

नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर त्यांच्या पातळीला आलं की कायद्यानेही टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड १.६ पर्यंत टिकून एकदम जात नाही; ती आधीच उतरू लागते, कारण खाचा उथळ झाल्या की चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही. जर्मनीतही कायद्याची मर्यादा १.६ च आहे, पण तिथला मोटारचालकांचा मोठा संघ, एडीएसी, उन्हाळी टायर तीन मिलिमीटरलाच बदला असं सांगतो. मीही तीनचीच रेघ धरते, आणि एक भर घालते: मिरगाआधी मोजून घ्यावं. मे अखेरीला साडेतीन-चार असेल तर तो टायर हा पावसाळा निभावेल. तीनच्या खाली असेल तर उरलेले दहा हजार किलोमीटर दिवाळीनंतर कोरड्या रस्त्यावर बसवता आले असते, असा विचार मनात येतो. पण मधले चार महिने कुठून काढणार? म्हणून बदलायचा. किलोमीटरचा हिशोब आणि पावसाळ्याचा हिशोब जिथे वेगळे होतात, ती जागा हीच.

पैसे दोनच टायरचे असतील तर? तेव्हा नवे टायर मागे लावावेत. हे ऐकलं की आमच्याकडे लोक वाद घालतात. इंजिन पुढे, ओढ पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवा टायर पुढेच हवा, असा त्यांचा मुद्दा. दुकानदारही तसंच लावून देतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंगला ते कळतं, पाय आपोआप एक्सलरेटरवरून उठतो आणि बरेचदा गाडी परत हातात येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते. ते सावरायला जे कसब लागतं ते तुमच्या-माझ्यासारख्या चालकाकडे नसतं, आणि वेळ तर मुळीच नसतो. जगभरच्या टायर कंपन्या हेच सांगतात. तवंदी उतरताना, वळणावर हलका ब्रेक मारताना, गाडीचं वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. त्यांच्यावर गोटा झालेले टायर ठेवणं म्हणजे अपघाताला वाट मोकळी करून देणं. या एका मुद्द्यावर मी दुकानात उभी राहून अनोळखी माणसांशीही बोलते.

गोट्या टायरवर तापलेल्या पात्याने नवी नक्षी कोरून विकणारे आहेत. मोटारीच्या टायरला अशी कोरणी चालत नाही; पात्याखाली तारांवरचं उरलंसुरलं रबर जातं. जुने टायर ‘एकदम कंडिशन’ म्हणून घेऊ नयेत, कुणी कितीही ओळखीचा असला तरी.

कायद्याकडे वळते, कारण टायर हा आता नुसता गॅरेजचा विषय राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांचा, घरातला एकटा कमावता माणूस गेला. पुण्याच्या न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला चालक काय करणार, असा तिचा युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयात न्या. एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये तो फेटाळला. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी माणसाच्या आवाक्यातली कारणं असतात आणि प्रवासाला निघण्याआधी टायरची स्थिती तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय. मुंबईचा निकाल कर्नाटकातल्या न्यायाधिकरणांना बांधून घेत नाही, पण तो पुढे ठेवता येतो आणि ठेवला जातो. ‘टायर फुटला, नशीब’ ही आमच्या गावातली नेहमीची समजूत. न्यायालयाने ती स्वीकारली नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

आणि तरीही टायर तपासतं कोण? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर तिला फिटनेसची तपासणी नाही. दरवर्षी पीयूसी करायला लागते, तिथे फक्त धूर बघतात. विमा उतरवताना गाडीचे चार फोटो मागतात, टायरचा एकही नाही. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, आणि अहवालात ‘अपघात यांत्रिक दोषामुळे झालेला नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की ते कुठल्या ओळीवर येणार हे मला आधी कळतं. ब्रेक चालतो का, स्टिअरिंग फिरतं का, हे त्यात असतं. चार टायरची नक्षी किती मिलिमीटर होती, ते कधीचे होते, हे बहुतेक वेळा नसतं. गेलेल्या माणसाची विधवा समोर बसलेली असते आणि पावसात गाडी का थांबली नाही, याचं उत्तर द्यायला माझ्याकडे कागद नसतो.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला. अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये तिथे परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा टायरच्या गाड्या मागे फिरवल्या. तोच प्रकार आमच्या महामार्गावर व्हावा. कोगनोळी आणि हत्तरगी हे दोन टोलनाके आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडे मापक घेऊन माणसं उभी करावीत. पहिल्या वर्षी दंड नको, नुसता आकडा लिहून चालकाच्या हातात द्यावा: पुढचे दोन, मागचे दोन, आतली कड वेगळी. पीयूसीच्या दाखल्यावर चार रकाने वाढवून तिथेही हाच आकडा भरावा. मापक दोन-तीनशे रुपयांचा, काम पाच मिनिटांचं. आणि अपघाताच्या तपासणी अहवालात टायरची खोली व तारीख नोंदवणं सक्तीचं करावं, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही, कारण तवंदी उतरून आलेली गाडी तासाभरात कागल ओलांडून गेलेली असते.